फ्रीजच्या स्विचवर लावायचं झाकण, चार महिने वापरल्यावर

मे महिन्यात लग्नाला तीन दिवस अमरावतीला गेलो होतो, निघायच्या घाईत एकेक स्विच बंद करता करता फ्रीजचा पण बंद झाला आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. नागपूरचा मे, वर घर बंद. दूध-भाजी गेली त्याचं काही नाही, पण आईचं इन्सुलिन आत होतं. खोक्यावर स्पष्ट २ ते ८ डिग्री लिहिलेलं असतं, मेडिकलवाले दादा म्हणाले आता हे अजिबात वापरू नका. सगळं टाकून नवीन आणलं. त्या दिवशी आईचा चेहरा बघवत नव्हता, कारण शेवटचा स्विच तिनेच बंद केला होता.

पण यात तिची काय चूक? आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतःचा स्विच, सगळे पांढरे, सगळे सारखेच, आणि आमचा फ्रीजचा बोर्ड मिक्सरच्या बोर्डाला अगदी लागून. आधी सेलोटेप लावून बघितली, फोडणीच्या वाफेने पंधरा दिवसात सुटली. "बंद करू नये" अशी चिठ्ठी पण चिकटवली, पण हात सवयीने जातो हो, चिठ्ठी कोण वाचतंय.

मग ऑनलाइन हे पारदर्शक प्लास्टिकचं झाकण मागवलं. मागे डबल साइडेड टेप असते, बोर्डाच्या प्लेटवर चिकटवायचं, वरून उघडतं. पहिलं आलं ते परत केलं कारण फ्रीजचा प्लग जाडा आणि वायर खाली येते, त्यामुळे झाकण बंदच होईना. म्हणून घेताना प्लेटची लांबी-रुंदी तर मोजाच पण प्लग भिंतीपासून किती बाहेर येतो तेही पट्टीने मोजा, आणि खाली वायरसाठी खाच आहे का बघा. दुसरं खाच असलेलं घेतलं, ते नीट बसलं. लावायच्या आधी स्विच बंद करून प्लेट कोरड्या फडक्याने पुसली, तेलकटपणा राहिला तर टेप धरत नाही. चार महिने झाले, एकदाही निघालं नाही.

भाचा चार वर्षांचा आहे, त्याला दोन दिवसात उघडता यायला लागलं, तेव्हा लहान मुलांसाठी हे पुरेसं नाही, खटका दाबून उघडणारं बघा. पण म्हणून वरून टेप गुंडाळून पक्कं बंद करू नका प्लीज, ठिणगी उडाली किंवा जळका वास आला तर स्विच लगेच बंद करता आला पाहिजे. आणि प्लग गरम होत असेल तर झाकण लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आम्ही गावाला जाताना मेन स्विचच बंद करायचो, तिथे हे झाकण काय करणार? म्हणून फ्रीजची लाइन वेगळ्या एमसीबीवर (मेन बोर्डातला त्या लाइनपुरता खटका) घेतली, आता बाकीचे सगळे पाडून जातो. शिवाय फ्रीजरमध्ये वाटीभर बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवते, परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर समजायचं की मधे बर्फ वितळला होता.

शेजारच्या काकांचं ऑक्सिजनचं मशीन रात्रभर चालू असतं आणि त्याचा स्विच पंख्याच्या स्विचशेजारी आहे. काकूंच्या प्लेटचं माप घेऊन त्यांच्यासाठी पण एक मागवलं, काल लावून आले.