कुत्रा आणि मांजरे एकाच घरात असताना पिसवांचे औषध कसे निवडावे: पावसाळाभराच्या वापरानंतरचा अनुभव

ज्या घरात कुत्रा आणि मांजरे एकत्र राहतात, तिथे पिसवांच्या औषधाची निवड मांजरापासून सुरू करावी, कुत्र्यापासून नव्हे, या मतावर मी मे अखेरीपासून डिसेंबरपर्यंतच्या वापरानंतर ठाम झालो आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, लागून आमचे जुने चिऱ्यांचे घर आहे. सुमारे १९ किलो वजनाचा गावठी कुत्रा दिवसभर कुळागरात असतो आणि रात्री ओसरीवर झोपतो. दोन मांजरे स्वयंपाकघर, माळा आणि कुत्र्याचे अंथरूण अशा तिन्ही ठिकाणी हक्काने वावरतात. आधी औषधी पट्टा आणि पावडर वापरून झाली होती. या वेळी पशुवैद्यांशी बोलून कुत्र्याला महिन्याकाठी चघळायची गोळी आणि मांजरांना मानेवर टाकायचे थेंब, अशी व्यवस्था ठरवली आणि ती खंड न पडू देता चालवली.

मांजरापासून सुरुवात का करायची, याचे कारण पर्मेथ्रिन हे आहे. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या कित्येक थेंबांमध्ये, फवाऱ्यांमध्ये आणि पावडरींमध्ये हे द्रव्य असते आणि कुत्र्याला ते सहसा बाधत नाही. मांजराच्या यकृतात मात्र ते निकामी करणारी प्रक्रिया फार दुबळी असते, त्यामुळे तेच औषध मांजराच्या अंगावर पडले तर थरथर, स्नायू उडणे आणि झटके इथपर्यंत वेळ येते व वेळेवर उपचार झाले नाहीत तर मांजर दगावते. औषध थेट मांजराला लावले नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. नुकतेच औषध टाकलेल्या कुत्र्याला मांजर अंग घासते, त्याला चाटते, त्याच्या कुशीत झोपते, आणि तेवढा संपर्कही धोक्याचा ठरू शकतो. आमच्याकडे ही तिन्ही कामे रोज होतात, म्हणून कुत्र्यासाठी पर्मेथ्रिनचा कोणताही प्रकार घरात आणायचा नाही, हे सर्वांत आधी ठरले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे यापेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोणते द्रव्य छापले आहे, ते वाचणे अधिक गरजेचे आहे.

याच संदर्भात गावांकडची एक सवय सांगितली पाहिजे. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडींसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन पाण्यात मिसळून तेच कुत्र्याच्या अंगावरही मारण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ही पर्मेथ्रिनच्याच कुळातली द्रव्ये. गुरांसाठीच्या बाटलीवरचे मिश्रणाचे प्रमाण कुत्र्यासाठी ठरवलेले नसते, आणि घरात मांजर असेल तर हा प्रकार पूर्णपणे वर्ज्य मानावा. अमिट्राझचे द्रावणही मांजराला चालत नाही.

कुत्र्यासाठी गोळी निवडण्याचे दुसरे कारण पाणी. कुळागरातल्या पाटात बसल्याशिवाय आमच्या कुत्र्याचा दिवस जात नाही, आणि जून ते सप्टेंबर तर तो ओलाच असतो. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब त्वचेवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतात, म्हणून औषध टाकण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ टाळावी लागते. हे पथ्य पावसाळ्यात आमच्या घरी पाळणे शक्य नव्हते. गोळीचे औषध रक्तात असते, त्यामुळे पाण्याने त्यात फरक पडत नाही. नेक्सगार्ड आणि सिम्पारिका या महिन्याच्या गोळ्या, तर ब्राव्हेक्टोची एक गोळी सुमारे १२ आठवडे पुरते. आम्ही महिन्याची निवडली, कारण काही त्रास झालाच तर औषधाचा अंमल लवकर ओसरावा, असे मला वाटले. ज्यांना दर महिन्याची तारीख लक्षात ठेवणे जमत नाही त्यांनी १२ आठवड्यांची घ्यावी, मात्र ती जेवणासोबत द्यावी. गोळी वजनाच्या गटानुसार मिळते. मोठी गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना वाटून देऊ नये.

या गोळ्यांची एक मर्यादा अशी की पिसू मरण्यासाठी तिने आधी चावावे लागते. ज्या जनावराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे, त्याची खाज म्हणून लगेच थांबेलच असे नाही. शिवाय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांमुळे काही जनावरांत थरथर, तोल जाणे आणि झटके असे परिणाम दिसल्याची सूचना दिली होती. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. आमच्या कुत्र्याला आजवर कोणताही त्रास दिसला नाही. गोचिडीही जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत, आणि गोचीडतापाने कुत्री किती झपाट्याने खंगतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या फायद्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मांजरांसाठी फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रिन असलेले, मांजरांसाठीच बनवलेले थेंब वापरले. यातले पहिले द्रव्य मोठ्या पिसवा मारते आणि दुसरे अंडी व अळ्या वाढू देत नाही. डोक्याच्या मागे, मानेच्या मुळाशी, जिथे जीभ पोहोचत नाही अशा जागी केस बाजूला करून थेंब कातडीवरच पडले पाहिजेत. केसांवर पडले तर औषधही वाया जाते आणि शेजारचे मांजर ते चाटून तोंडाला फेस आणते. औषध वाळेपर्यंत दोन्ही मांजरे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवणे, हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत कटकटीचा भाग आहे, पण तो टाळता येत नाही.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेकांचा धीर सुटतो, त्याकडे येतो. औषध सुरू केल्यानंतर पहिले काही आठवडे पिसवा दिसतच राहिल्या आणि घरातल्यांचे मत औषध बनावट असल्याचे पडले. खरे कारण पिसवेच्या जीवनचक्रात आहे. जनावराच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के असतात. बाकी सारी अंडी, अळ्या आणि कोष घरात पडलेले असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते, ती अंगावरून गळून जनावर जिथे झोपते तिथे साचतात, आणि अळ्या अंधाऱ्या फटींत शिरून मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या, रक्तमिश्रित विष्ठेवर वाढतात. कोषातल्या पिसवेपर्यंत कोणतेही औषध नीट पोहोचत नाही, आणि ती महिनोन् महिने तशीच थांबून राहू शकते. जवळून कोणी चालले, ऊब किंवा श्वासातला वायू जाणवला की बाहेर पडते. बंद घर उघडून पाऊल टाकताच पायांना पिसवा चिकटतात, त्या यामुळेच. कोरड्या हवेत अळ्या मरतात, पण गोव्याच्या दमट हवेत त्यांना बाराही महिने पोषक वातावरण मिळते, त्यामुळे हिवाळ्यात औषध थांबवण्याचा थंड देशांतला हिशेब इथे लागू पडत नाही.

त्यामुळे औषधाइतकेच कष्ट घरावर घ्यावे लागले. मांजरांची आवडती जागा माळ्यावर, नारळाच्या सोडणांच्या ढिगाऱ्याशेजारी होती. तो ढीग हलवल्यावर खालच्या धुळीत पिसवांचा खरा कारखाना सापडला. कुत्र्याचे गोणपाट जाळून टाकले आणि त्याऐवजी धुता येतील अशा जुन्या सुती चादरी घातल्या, ज्या दर आठवड्याला कढत पाण्यातून काढता येतात, कारण जुलैत उन्हावर विसंबून चालत नाही. फरशीच्या सांध्यांवरून आणि भिंतींच्या कडेने व्हॅक्यूम क्लीनर फिरवून त्यातली धूळ लगेच घराबाहेर टाकत गेलो. यंत्राच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, हा त्याचा आणखी एक लाभ. तिन्ही जनावरांचे औषध एकाच आठवड्यात देण्याचा नियम मोडला नाही. एक जरी सुटले तरी तेवढ्यावर घरातली पैदास चालू राहते. ऑगस्टनंतर मात्र फरक डोळ्यांना दिसू लागला आणि दिवाळीपर्यंत बारीक दातांच्या फणीत काहीही येईनासे झाले.

फणीची परीक्षा सोपी आहे. विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, न पसरला तर माती. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते पिसू गिळल्यामुळे होणाऱ्या पट्टकृमीचे असतात. आमच्या एका मांजराला तो झाला होता आणि जंताचे औषध द्यावे लागले. पिसवा आटोक्यात आल्यावर तो पुन्हा उद्भवलेला नाही.

कडुलिंबाचा पाला आणि करंजाचे तेल यांवर आमच्या आईचा विश्वास आहे आणि पाल्याने अंथरुणाला वास चांगला येतो हे मला मान्य आहे, पण भरलेल्या घरातल्या पिसवा त्याने गेल्या नाहीत. टी ट्री तेलासारखी अर्के तर मांजराला विषारी ठरू शकतात. पट्ट्याबद्दल माझी तक्रार एवढीच की सतत भिजणाऱ्या कुत्र्यावर तो टिकला नाही. कोरड्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला तो कदाचित पुरेल, पण तिथेही मांजर असेल तर पट्ट्यातले द्रव्य आधी तपासावे.

खर्च पावडरीच्या मानाने बराच आहे, आणि तीन जनावरांचा मिळून तो दर महिन्याला जाणवतो. तरी पुढच्या वर्षासाठी हीच गोळी आणि हेच थेंब चालू ठेवणार आहे. एका जागी मात्र तोडगा अजून निघालेला नाही: शेजारच्या भाटातून (बागायतीतून) रोज दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी येणारी अर्धरानटी मांजरी हाताला लागत नाही, त्यामुळे तिच्या मानेवर थेंब टाकता येत नाहीत. तूर्त तिची ताटली घराबाहेर, माळ्याच्या जिन्यापासून दूर ठेवली आहे, आणि ती थोडी माणसाळली की डॉक्टरांकडे नेऊन नसबंदी आणि पहिले थेंब ही दोन्ही कामे एकाच फेरीत करून घेण्याचे ठरवले आहे.