आठ महिने, तीन कटर आणि एक खाली बसलेलं पातं

माझ्या सीएनसी राउटरसाठी (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणाऱ्या यंत्रासाठी) घेतलेल्या सपाटीकरणाच्या कटरचं एक पातं खाली बसलेलं निघालं. त्या तक्रारीवर परवा विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं: ‘वापरलेला कटर बदलून मिळणार नाही.’ महिनाभर फोटो पाठवले, डायल गेजचा (उंचीतला बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचा) व्हिडिओ पाठवला. त्यावर ‘लाकडाच्या कामाला एवढी अचूकता लागत नाही’ असंही ऐकून घेतलं. स्पॉइलबोर्डला (यंत्राच्या बेडवर, कामाखाली अंथरलेल्या फळीला) लागते हो. पुढचं प्रत्येक काम त्यावरच बसायचं असतं.

माझा बेड 600 × 900 मिमीचा, कॉलेट (कटर धरणारी पकड) ईआर 11, शँक (कटरचा दांडा) 6.35 मिमी. पहिला कटर घेतला तो 25 मिमीचा, तीन पात्यांचा, ब्रेझ केलेल्या (डाख देऊन जोडलेल्या) कार्बाइडचा. घेण्याचं कारण सरळ होतं: स्वस्त, आणि वर तीन पाती. नव्या एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीवर) पहिली दोन सपाटीकरणं सुरेख झाली. तिसऱ्या महिन्यात प्रत्येक पासच्या (कटरच्या एका फेरीच्या पट्ट्याच्या) कडेला नखाला लागेल अशी पायरी दिसायला लागली. मी लगेच कटरला दोष दिला.

तो माझा अन्याय होता. स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या मोटरला) आडवा दांडा लावून 200 मिमीच्या वर्तुळात डायल गेज फिरवला, तर 0.4 मिमीचा फरक निघाला. म्हणजे 15 मिमीच्या स्टेपओव्हरला (दर पासला कटर बाजूला सरकतो त्या अंतराला) 0.03 मिमीची पायरी पडणारच, कटर कितीही महाग असो. एक्स दिशेच्या पासांत पायरी दिसते आणि वाय दिशेच्या पासांत दिसत नाही, तर स्पिंडल वायकडे कललेला असतो. स्पिंडलच्या माउंटमागे पातळ शिम (पत्र्याची चकती) घातली आणि पायरी गेली.

खरखर मात्र राहिलीच. बोर्डवर हात फिरवला की जाणवणारी, बारीक चंद्रकोरींची. वेग कमी करून पाहिला तर ती आणखी वाढली आणि कडा करपल्या, कारण हळू चालवलं की पातं कापायचं सोडून घासायला लागतं. शेवटी स्पिंडलची वीज काढून, कटर हाताने उलटा फिरवत (सुलटा फिरवला तर धार गेजच्या टोकात अडकते) एकेक पातं मोजलं. एक पातं बाकी दोघांपेक्षा 0.08 मिमी खाली! सपाटीकरणात तळ घडवतं ते सर्वांत खालचं पातं. बाकीची दोन नुसती सोबत फिरतात. तीन पात्यांचे पैसे दिले आणि तळावर काम एकाच्याच माथी. तेच तापतं, तेच एमडीएफमधल्या रेझिनने आधी बोथट होतं. याचा मला अजूनही राग आहे. सपाट करायच्या हत्याराची तळाची पातळीच चुकीची असेल तर बाकी सगळं काय कामाचं?

दुसरा कटर बदलत्या पात्यांचा घेतला, चौकोनी, चार धारांची पाती असलेला. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होतो. ते आता थोडं मागे घेतो. पहिल्यांदा धार फिरवून बसवली तेव्हा खाचेत एमडीएफची भुकटी राहिली आणि पातं 0.05 मिमी पुढे आलं. परत तेच दुखणं. खाच ब्रशने साफ केल्यावर सुधारलं, आणि फिनिश खरंच उत्तम येतो. पण माझ्या बेडवर एक सपाटीकरण म्हणजे जेमतेम 36 मीटरची चाल. 1220 × 2440 च्या बेडवर तीच 200 मीटरच्या आसपास जाते. तिथे हा कटर पैसे वसूल करेल, माझ्याकडे नाही.

सध्या लावलाय तो 22 मिमीचा, दोनच पात्यांचा, पुन्हा ब्रेझ केलेला आणि तिघांत सर्वांत स्वस्त. दोन पात्यांत फरक 0.02 मिमी. 16000 आरपीएम (मिनिटाला फेरे), फीड (पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला 3000 मिमी, खोली 0.3 मिमी, स्टेपओव्हर 13 मिमी. प्रत्येक पात्याला 0.09 मिमीच्या आसपास घास मिळतो, भुसा मोकळा पडतो, करपट वास नाही. मधल्या भागात धार नसल्यामुळे सरळ खाली उतरवत नाही, बोर्डच्या बाहेरून आत आणतो. धार मंदावली की डायमंड कार्डवर पात्याची फक्त सपाट, पुढची बाजू दहा-बारा वेळा घासतो. मागची बाजू घासली तर मापच बदलतं.

मोठ्या कटरचा मोह मलाही झाला होता. पण 63 मिमीचा कटर 24000 आरपीएमवर फिरवला तर धारेचा वेग सेकंदाला 79 मीटर होतो, 25 मिमीच्या कटरचा 31. शँकवर कमाल आरपीएम कोरलेला नाही असा स्वस्त, ब्रेझ केलेला कटर एवढ्या वेगाला मी माझ्या समोर फिरवणार नाही.

तीन पात्यांचा कटर टाकलेला नाही. नव्या बोर्डची वरची कडक साल काढायला तो ठेवलाय, खालच्या पात्यावर मार्करने खूण करून. आणि नवा कटर आला की तो आधी डायल गेजखाली जातो, एमडीएफला लागण्यापूर्वी. तोवर पाकीट आणि बिल फेकत नाही.