आठ महिने फोनमधल्या होकायंत्राच्या भरवशावर

फोनमधलं होकायंत्राचं ॲप गेले आठ महिने मी जवळजवळ रोज वापरतोय. कामामुळे अनोळखी शहरांत पायी फिरावं लागतं आणि सुट्टी मिळाली की डोंगर-जंगलातल्या वाटा खुणावतात. नकाशावरच्या निळ्या रेषेमागे न जाता दिशा धरून चालायला शिकायचं असं ठरवलं होतं. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहितो, कारण हे ॲप फार उपयोगी आहे आणि ते नेमकं कधी चुकतं हे कुणी नीट सांगत नाही.

सर्वांत मोठा फायदा शहरातच झाला. भुयारी स्टेशनातून जिना चढून चौकात आलो की चार रस्ते समोर आणि आपलं तोंड कुठे आहे याचा पत्ता नाही. जीपीएस आपण कुठे उभे आहोत ते सांगतं. तोंड कुठे आहे हे त्याला चालायला लागल्यावरच, एकामागून एक आलेल्या स्थानांवरून कळतं. उभं असताना ते काम फोनमधल्या मॅग्नेटोमीटर नावाच्या चिपचं. नकाशात निळ्या ठिपक्यातून जो झोत निघतो तो रुंद असेल तर फोनलाच दिशेची खात्री नाही असं समजायचं. पूर्वी मी पन्नास पावलं चालून ठिपका कुठे सरकतो ते पाहायचो आणि बरेचदा परत फिरायचो. आता जिन्यापासून थोडं लांब येऊन, फोन जमिनीला समांतर धरून उत्तर बघतो आणि मग पहिलं पाऊल टाकतो. नेटवर्क नसलं तरी हे चालतं.

चिंचोक्याहून लहान असलेली ही चिप पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तीन दिशांनी मोजते. हे क्षेत्र फार क्षीण असतं. जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. फ्रिजला चिकटवायच्या साध्या चुंबकाला अगदी लागून असलेलं क्षेत्र सहज याच्या शंभर पट भरतं. म्हणजे कारमध्ये, लोखंडी पुलावर, सळ्या भरलेल्या काँक्रीटजवळ किंवा विजेच्या जाड तारांपाशी काटा भलतीकडे वळला तर त्यात नवल नाही. कारमधलं रीडिंग मी आता बघतच नाही. उतरून दहा-पंधरा पावलं लांब जातो.

तिसऱ्या महिन्यात मात्र चांगलाच धडा मिळाला. पठारावर दाट धुकं उतरलं होतं. पलीकडच्या खिंडीचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, नकाशावरून ७० अंश काढलं होतं. फोन ७० दाखवेल तिकडे वीस मिनिटं चाललो आणि पायाखालची जमीन उतरायला लागली. तिथे उतार असायला नको होता. थांबलो, ऑफलाइन नकाशात स्थान पाहिलं, तर ठरलेल्या रेषेच्या दक्षिणेला सुमारे अर्धा किलोमीटर सरकलेलो. दोष कव्हरचा होता. पुस्तकासारखं उघडणारं ते कव्हर, झाकणात बंद करण्यासाठी चुंबक. ते काढून सॅकमध्ये टाकलं, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवला आणि तोच फोन त्याच जागी जवळजवळ ३० अंशांनी वेगळं सांगू लागला.

यावर घरी बराच विचार केला. चुंबक फोनला कायमचा एकाच जागी चिकटलेला असेल तर फोन फिरवताना सॉफ्टवेअर त्याचा परिणाम ओळखतं आणि वजा करतं. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. पण माझ्या कव्हरचं झाकण कधी पुढे, कधी मागे दुमडलेलं. चुंबकाची जागा बदलली की आधीचं गणित निकामी. शिवाय अशी चूक प्रत्येक दिशेला सारखी नसते. एका दिशेला काटा डावीकडे ढळत असेल तर बरोबर उलट दिशेला तो उजवीकडे ढळतो. त्यामुळे धुक्यात मी घाबरून फोनवर बघून १८० अंश वळलो असतो, तरी आलो त्या जागी पोचलो नसतो.

तेव्हापासून निघण्याआधी एक तपासणी करतो. लाकडी टेबलाच्या कडेला फोन लावून आकडा बघायचा, मग पडदा वरच ठेवून फोन उलट दिशेला फिरवून त्याच कडेला लावायचा. दोन आकड्यांत १८०चा फरक हवा. जितका कमी-जास्त, त्याच्या साधारण निम्मी चूक. टेबलाच्या दुसऱ्या, काटकोनातल्या कडेलाही हे करावं, कारण एका दिशेत चूक लपू शकते. माझ्या फोनचं कव्हर लावून १८०पासून २८ अंशांचा फरक पडत होता, काढल्यावर ३ ते ४. उत्तर गोलार्धात असाल आणि आकाश स्वच्छ असेल तर ध्रुवतारा आहेच. तो खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आत असतो.

खरी उत्तर (भौगोलिक ध्रुवाची दिशा) आणि चुंबकीय उत्तर (होकायंत्राची सुई दाखवते ती) वेगळ्या, हेही सेटिंगमध्ये बघून ठेवा. काही प्रदेशांत दोन्हींत जेमतेम अंशाचा फरक असतो, काही ठिकाणी पंधरा-वीस अंशांचा. दहा अंश चुकलं तर एका किलोमीटरला जवळपास १७५ मीटर बाजूला जातो. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस १८३१ मध्ये उत्तर चुंबकीय ध्रुवापर्यंत पोचले तेव्हा तो कॅनडाच्या उत्तरेला होता. आज तो सायबेरियाच्या दिशेने बराच सरकलाय. त्यासाठी जागतिक चुंबकीय प्रतिमान, म्हणजे कुठे किती फरक पडतो याचं गणित, दर पाच वर्षांनी नवं काढतात, सध्याचं २०२५चं आहे. खरी उत्तर काढायला फोनला तुमचं स्थान कळावं लागतं, म्हणून लोकेशन बंद असेल तर दिसते ती चुंबकीय उत्तर.

माझी खरी तक्रार ॲप बनवणाऱ्यांकडे आहे. पडद्यावर ७० म्हणजे ७० असा ठाम आकडा येतो. सेन्सर किती विश्वासार्ह आहे ही माहिती अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या सिस्टिमकडे असते, ती त्या आकड्याशेजारी मोठ्या अक्षरांत का दाखवत नाहीत? धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

बॅटरी होकायंत्रापेक्षा पडदाच जास्त खातो. त्यामुळे पडद्याकडे बघत चालायचं नाही. दिशेवरचं एखादं झाड किंवा खडक हेरायचा, फोन खिशात ठेवायचा आणि तिथे पोचल्यावर पुन्हा बघायचं. याने ठेच लागत नाही आणि आजूबाजूचंही दिसतं. आणि दर दहा मिनिटांनी नकाशात स्थान पाहायचं. त्या दिवशी मी तेवढंच केलं नाही.

नवा फोन घेणार असाल तर वैशिष्ट्यांच्या यादीत मॅग्नेटोमीटर किंवा ई-कंपास आहे का बघा. काही स्वस्त फोनमध्ये तो नसतो. जायरोस्कोप असून भागत नाही, तो वळण ओळखतो पण उत्तर कुठे ते त्याला ठाऊक नसतं.

डोंगरात आता सोबत सुईचं छोटं होकायंत्रही असतं. सुरुवातीला दोन्ही एकाच हातात धरून ताडून बघायचो आणि आकडे कधीच जुळायचे नाहीत. फोनच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो, तो सुईला ओढतो. आता एकाचं रीडिंग घेतो, ते सॅकवर ठेवतो, चार पावलं बाजूला होतो आणि मग दुसरं काढतो.