अकरा महिने डायपर आणि वाइप्स वापरल्यानंतर

बाळ दोन महिन्यांचं असल्यापासून डायपर वापरतोय, आता ते तेरा महिन्यांचं आहे. एवढ्या काळात डायपरचा ब्रँड एकदा बदलला, वाइप्सचा तीनदा. धास्ती सगळी डायपरमधल्या जेलची होती, त्रास दिला तो वाइप्सनी.

जेलबद्दल इतकं ऐकलं होतं की एक कोरा डायपर कात्रीने उभा कापला. आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात साखरेसारखे पांढरे दाणे. हे सोडियम पॉलिॲक्रिलेट, ओलं झालं की याचंच जेल होतं. कापूस वाटीत ठेवून पाणी ओतलं, तर पाणी बघता बघता दिसेनासं झालं आणि हाताला गार, लिबलिबीत गोळा लागला. वर चमचाभर मीठ घातलं तसं त्याने पाणी सोडलं. लघवीतही क्षार असतात, म्हणून साध्या पाण्याइतकी लघवी हे दाणे धरून ठेवत नाहीत. त्यांचे रेणू खूप मोठे असतात, ते त्वचेतून आत जात नाहीत. डायपर फाटून दोन-चार दाणे अंगाला चिकटले तर मी पुसून टाकते. तोंडात मात्र जाऊ देत नाही.

सातव्या महिन्यात शीच्या जागेभोवती लालभडक रॅश आली. ओलाव्यामुळे असेल म्हणून डायपर लवकर लवकर बदलला, झिंक ऑक्साइडचं क्रीम लावलं. फरक पडेना. मग तोंडाभोवती तसेच खरखरीत चट्टे उठले. तोंडाचा डायपरशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडे लागत होते ते वाइप्स, भरवून झालं की तोंडही मी त्यांनीच पुसायचे. डॉक्टरांनी ते पूर्ण बंद करायला सांगितले. दोन आठवड्यांत त्वचा साफ झाली.

तेव्हा कुठे पाकीट उलटून वाचलं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘नाजूक त्वचेसाठी’, ‘पॅराबेन-फ्री’ (पॅराबेन हे एक प्रकारचं प्रिझर्व्हेटिव्ह), आणि मागे बारीक अक्षरांत मिथाइलआयसोथायझोलिनोन, हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह. वाइप्स ओले असतात, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच, हे मला पटतं. पण अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे त्वचेला काही लागून होणाऱ्या दाहाच्या, तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली याच रसायनाला ‘वर्षाचा ॲलर्जन’, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. युरोपात धुऊन न टाकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत, म्हणजे वाइप्समध्येही, २०१७ पासून त्यावर बंदी आहे. हे आधी माहीत असतं तर लेकराचे ते रडके आठवडे वाचले असते, याचं अजून वाईट वाटतं.

डायपरचा ब्रँड बदलला तो सुगंधामुळे. फ्रान्सच्या आन्सेस या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये डायपरमध्ये फॉर्मल्डिहाइड, डायॉक्सिन अशा घातक पदार्थांचे अंश सापडल्याचं सांगितलं आणि सुगंधी द्रव्यं काढून टाका म्हटलं. पुढे युरोपच्या रसायन संस्थेच्या समितीने हा धोका सिद्ध होत नाही असं मत दिलं. अंशांवरून मी झोप उडवून घेत नाही, पण वासाचा बाळाला उपयोग शून्य, म्हणून बिनवासाचा घेते.

आता घरी कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. वाइप्स फक्त बाहेर, तेही घटकांची यादी वाचून, आणि तोंडाला अजिबात नाही.

एक तक्रार आहेच. वाइप्सवर निदान यादी असते. आमच्या डायपरच्या पाकिटावर मात्र इलॅस्टिक, गोंद, छपाईचा रंग यांत काय आहे याबद्दल चकार शब्द नाही. कंपनीला लिहून विचारलं, तर ‘उत्पादन सुरक्षित आहे’ एवढंच उत्तर आलं. मी परत विचारलंय.