टेन्शनची डायरी की दीर्घ श्वास?

दोन्ही मनापासून करून बघितलंय म्हणून सांगते. श्वासाचं काम पटकन होतं, हळूहळू लांब श्वास सोडला की व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूतून हृदयाकडे जाणारी नस) हृदयाचे ठोके मंदावतात, मीटिंगच्या आधी छातीत धडधडतं ना तेव्हा हेच उपयोगी पडतं. पण धडधड कशामुळे होतेय ते काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी परत तेच.

डायरीला धीर लागतो. किती वाजले, काय घडलं, अंगात काय जाणवलं आणि ताण १० पैकी किती, एवढंच लिहायचं, पण दोन आठवडे तरी. मला वाटायचं कामाचा लोडच जास्त आहे, पण पानं चाळली तर ८-९ चे आकडे सगळे रात्री साडेदहानंतरचे, म्हणजे अंथरुणात पडून ऑफिसचे मेल बघायचे तेव्हाचे! ते बंद केलं आणि खरंच फरक पडला. होम्स आणि राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले, जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, पण तिथे भर मोठ्या बदलांवर आहे, अशी रोजची बारीक कटकट आपली आपल्यालाच शोधावी लागते.

त्यामुळे माझं मत डायरीला. फक्त घरात कोणाचं मोठं आजारपण असेल तर कारण माहीतच असतं आणि ते हटवताही येत नाही, तेव्हा श्वासच बरा.