थर्ड पार्टी क्लेम सेटलमेंट: साडेतीन लाखांपासून आठ लाखांपर्यंत

रेटिंग ५ पैकी अडीच. विमा कंपनीचं नाव लिहीत नाहीये, पण क्लेम सेटलमेंट ही पण एक सर्व्हिसच आहे ना, मग तिचा रिव्ह्यू का नको. आणि जखमी माणसाच्या घरच्यांना हे आधी कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, इलेक्ट्रिशियन आहे, स्वतःची कामं घेतो. एका कारने डिव्हायडरच्या गॅपमधून अचानक यू-टर्न मारला आणि हा बाईकसकट आपटला, उजव्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला आणि पाच महिने काम बंद. कारचा थर्ड पार्टी विमा होता म्हणून भरपाई कारवाल्याच्या कंपनीकडून मागायची. वकिलांमार्फत एमएसीटीत म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज टाकला. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आलीये, त्यामुळे आधी पाय बरा होऊ दे मग बघू असं करत बसू नका.

कंपनीचा पहिला माणूस घरी आला तो इन्व्हेस्टिगेटर. बोलायला एकदम गोड, भावाची चौकशी केली, चहा घेतला आणि मग टाईप केलेला जबाब पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती, "उपचार पूर्ण झाले असून आता कोणताही त्रास नाही." भाऊ तेव्हा वॉकर धरून बाथरूमला जात होता! सही केली नाही, डॉक्टरांचे पेपर वकिलांकडे आहेत तिथून घ्या एवढंच सांगितलं. अर्धा स्टार मी इथेच कापला.

खरं बोलणं झालं ते सेटलमेंट बघणाऱ्या मॅडमशी. कायद्याच्या नव्या कलम १४९ प्रमाणे कंपनीला यासाठी अधिकारी नेमावाच लागतो. मॅडम कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत आणि फोन उचलायच्या, हे मी मुद्दाम लिहितेय कारण दोन स्टार त्यांचेच आहेत. पहिली ऑफर आली साडेतीन लाख. मी म्हटलं मॅडम हिशोब लिहून द्या, तर त्यांनी कागदाच्या पाठीमागे लिहिला: उत्पन्न महिना १२,०००, गुणक (म्हणजे वयाप्रमाणे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १६, अपंगत्व ९ टक्के, म्हणजे २,०७,३६०, वर बिलांचे १,६०,०००, आणि राउंड फिगर साडेतीन. पाच महिने बुडालेल्या कामाचे शून्य, पुढे रॉड काढायच्या ऑपरेशनचे शून्य, एवढं सोसलं त्याचे पण शून्य.

गुणक बरोबर होता, सरला वर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००९ साली जो तक्ता दिला त्यात ३१ ते ३५ वयाला १६ च आहे, त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. भांडण होतं ते उत्पन्न आणि टक्केवारीचं. आयटी रिटर्न नाही म्हणून त्यांनी मजुरासारखे १२,००० धरले. आम्ही बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढलं, यूपीआयने आलेल्या प्रत्येक कामाच्या पैशाला पिवळा मार्कर मारला, दुकानातून वायर-स्विच उचलल्याची बिलं जोडली आणि ज्या दोन बिल्डरांकडे तो नेहमी काम करतो त्यांची लेटरहेडवर पत्रं घेतली. आमची मागणी २०,००० ची होती, शेवटी १६,००० वर आलं. नुसतं "तो चांगला कमावतो हो मॅडम" म्हणून एक रुपया वाढला नसता, पिवळे मार्क बघून वाढला.

टक्केवारीचं जरा समजून घ्या कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. सिव्हिल हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवर १८ टक्के होतं. मॅडम म्हणाल्या ताई हे पायाचं आहे, पूर्ण शरीराचं धरायचं तर निम्मं होतं. हा मुद्दा खोटा नाही, कोर्टही एका अवयवाचे टक्के जसेच्या तसे सगळ्या शरीराला लावत नाही. पण हे जिथे सांगितलंय त्याच राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात (२०१०) सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलंय की तो माणूस काम काय करतो ते बघा, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास १०० टक्के जाऊ शकते आणि सरकारी क्लार्कची नोकरी तशीच चालू राहू शकते. आमचा भाऊ शिडीवर चढून काम करणारा माणूस, गुडघा पूर्ण वाकत नाही, वर उभं राहून दोन्ही हात मोकळे सोडता येत नाहीत. हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून दोन ओळीत लिहून घेतलं आणि ९ चे १५ झाले. माझ्या मते १८ च्या खाली यायलाच नको होतं.

मध्येच एकदा २५ टक्के चूक बाईकवाल्याची असंही काढलं होतं. वकील साहेबांनी पोलिसांचा स्पॉट पंचनामा काढून नकाशा दाखवला, बाईकच्या घसटीची खूण रस्त्याच्या डाव्या कडेला आणि कार आडवी. तो विषय तिथेच बंद झाला.

फिजिओची २५,००० ची बिलं कापली होती कारण पावत्यांवर रजिस्ट्रेशन नंबर नव्हता, परत जाऊन शिक्का मारून आणल्या तेव्हा मंजूर. घरातल्यांनी हे पहिल्या दिवसापासून बघा, पावती घेतानाच नंबर आणि शिक्का आहे का ते.

शेवटी लोक अदालतीत मिटलं. कमाईच्या नुकसानीचे ४,६०,८००, बिलं १,८५,०००, रॉड काढायला ४०,०००, पाच महिन्यांचे ८०,००० आणि त्रासाचे थोडे धरून ८ लाख. त्रासाचे फारच कमी दिले हे मॅडमना तोंडावर सांगितलं. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत असेल तर कोर्ट उत्पन्नात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतं, ते आम्ही सोडलं, साधारण १ लाख ८४ हजार होत होते. केस लढवली असती तर मिळाले असते असं वकील म्हणाले पण मग कंपनी अपिलात जाणार आणि भावाला घराचा हप्ता आत्ता भरायचा होता. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, दोन्ही बाजूंना नाही, त्यामुळे आकडा मनाला पटल्याशिवाय आणि उपचाराचं चित्र स्पष्ट झाल्याशिवाय तिथे हो म्हणू नका. रॉड काढायचा खर्च सर्जनच्या लेटरहेडवर आधीच मागितला होता म्हणून तो आत आला, सह्या झाल्यावर काही मागता येत नाही.

पैसे कंपनीने कोर्टात भरले, तिथून काही रक्कम भावाच्या खात्यात आणि काही एफडीत. त्यासाठी पासबुक, आधार, पॅनच्या झेरॉक्स वकिलांकडे आधीच देऊन ठेवा, आमच्या बरोबर मिटलेल्या एका काकांचं पॅन नव्हतं तर त्यांचे पैसे अडकून पडले होते.