पोटॅशियम नायट्रेट आणि नायट्राइट : शेतातलं कोणतं, घातक कोणतं?

वरुड-मोर्शीकडं संत्र्याला किंवा बोंडं भरताना कपाशीला जे '१३-०-४५' फवारतात, ते पोटॅशियम नायट्रेट. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. त्यातला ऑक्सिजनचा एक अणू गेला की पोटॅशियम नायट्राइट. नायट्रेट ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ते तयार होतं. हे फवारायचं खत नव्हे. ते लागतं प्रक्रिया केलेलं मांस टिकवायला (खाद्यपदार्थांच्या पाकिटावर त्याचा क्रमांक ई २४९): बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू रोखतं, मांसाचा गुलाबी रंग राखतं.

विषारीपणात मात्र दोघांची बरोबरीच नाही. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं थेट मेथहिमोग्लोबिन करतं. मग रक्तातून ऑक्सिजन नीट पोहोचत नाही, ओठ-नखं निळी पडतात. उतारा मेथिलीन ब्लू, तोही दवाखान्यातच.

नायट्रेट त्यामानानं सौम्य. पण तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचंच नायट्राइट होतं. म्हणून वरच्या दुधात विहिरीचं पाणी घालत असाल तर आधी तपासून घ्या. विहीर गोठ्याला किंवा उकिरड्याला लागून असेल तर माझ्या मते टाळाटाळ नकोच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यानं त्याचं प्रमाण वाढतं.